गहू वर्ज्य असलेल्या घराचा स्वयंपाक

नमस्कार श्रोतेहो. ज्या घरात कुणाला सिलिअॅक हा आजार असल्याचे निदान झाले आहे, त्या घरात स्वयंपाक करणाऱ्यांशी मला आज बोलायचे आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाला हा आजार असल्याचे समजले, तेव्हा आम्हांला "गहू पूर्ण बंद" एवढेच सांगण्यात आले होते, आणि त्या तीन शब्दांत रोजच्या किती गोष्टी येतात हे उमजायला मला जवळजवळ वर्ष लागले.

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) या धान्यांमध्ये ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ते गेले, की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे झिजत जातात. त्यामुळे कितीही सकस खाल्ले तरी ते अंगी लागत नाही. माझा मुलगा दोन वर्षे लोहाची औषधे घेत होता, तरी त्याचे रक्त वाढत नव्हते आणि उंचीही थांबली होती. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पावाचा तुटवडा पडला असताना हा आजार असलेली मुले सुधारतात आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडतात, हे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आले होते. पुढे 1950 मध्ये त्यांनी गव्हाचा हा दोष आपल्या प्रबंधात मांडला. आजही यावर आयुष्यभर ग्लूटेन टाळणे हाच उपचार आहे. मात्र कुणाला नुसती शंका असेल, तर तपासणी होण्यापूर्वी मनानेच गहू बंद करू नये, कारण मग रक्ताच्या आणि आतड्याच्या तपासणीत आजार दिसून येईलच असे नाही.

आपल्या भागात एक गैरसमज फार पक्का आहे, तो खपली गव्हाचा. खपली पचायला हलकी, म्हणून ती चालेल, असे मला अनेक जाणत्या माणसांनी मायेने सांगितले. खपली हा गहूच आहे आणि तिच्यातही ग्लूटेन असते. रवा, मैदा, शेवया, कुरडया आणि दलिया ही त्याच घरची मंडळी. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतोच, त्यामुळे ती विकतची आणू नये.

खरी अडचण गिरणीत आहे. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये असा नियम आहे, आणि किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचे चिमूटभर पीठ मिसळले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. आधी कुणाचे तरी गहू दळलेल्या जात्यातून चिमटीपेक्षा कितीतरी जास्त पीठ आपल्या डब्यात उतरते. आमच्या गल्लीतील गिरणीवाले मामा मोठ्या आस्थेने सकाळी पहिल्यांदा आमचे दळण घेत, पहिले किलोभर पीठ मी जनावरांसाठी बाजूला काढत असे. तरीही मुलाच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे ग्लूटेन पोटात जात असल्याची खूण, म्हणावी तशी उतरत नव्हती. शेवटी इतर खर्च मागे ठेवून आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू द्यायचा नाही असे ठरवले. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. कोल्हापुरातील लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेला शाळू, म्हणजे ज्वारी, मी आजही ताटात पसरून निवडते, कारण त्यात गव्हाचे चार दाणे हमखास सापडतात.

दुसरी जागा मसाल्याच्या डब्यात आहे. बाजारातील बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ घातलेले असते. फोडणीत, लोणच्यात, भडंगात आणि चिवड्यात तो जातो आणि कुणाच्या ध्यानीही येत नाही. डब्यावरचा मजकूर वाचून तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग घ्यावा, नाहीतर हिंगाशिवाय फोडणी द्यावी. आपल्या कांदा-लसूण चटणीच्या स्वयंपाकात त्याची उणीव जाणवत नाही. ती चटणीही डंकावर कुटून आणताना आधी तिथे काय कुटले गेले हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

एवढी काळजी घेतली, की उरलेले नियोजन वाटते तितके अवघड राहत नाही, कारण कोल्हापूरचे जुने जेवण मुळात भाकरीचे आहे. भाकरी, झुणका, आमटी, भात, घरी केलेला तांबडा-पांढरा रस्सा, यांपैकी कशालाही गव्हाची गरज नाही. पिठाला चिवटपणा देणारे ग्लूटेन ज्वारीत नसते, म्हणून तर भाकरीचे पीठ आपण कढत पाण्यात मळतो. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी मोडते, त्यामुळे मी आठवड्याला पुरेल एवढेच दळते. पण शाळेच्या डब्यातील भाकरी दुपारपर्यंत कडक होते आणि मूल ती तशीच परत आणते. म्हणून डब्याचा विचार वेगळा करावा लागला. रविवारी रात्री तांदूळ आणि उडदाचे पीठ आंबवून ठेवले, की सोमवार-मंगळवारी आंबोळी किंवा इडली होते. बुधवारनंतर ज्वारीचे धिरडे, पोहे, कधी घावन. वरईचा भात आणि राजगिऱ्याचे थालीपीठ हे उपवासाचे पदार्थ आम्ही आता इतर दिवशीही करतो, आणि संकष्टीला सारे घर त्याच्यासारखे जेवते याचा त्याला फार आनंद होतो.

येथे एक चूक माझ्याकडून झाली. गहू गेला म्हणून पहिले सहा महिने मी त्याला तिन्हीत्रिकाळ तांदूळच देत राहिले. पोट शांत झाले, पण आहार निकस होता. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि या मुलांच्या हाडांना त्याची निकड असते, त्यामुळे आता रोज सकाळी नाचणीचे आंबील ठरलेले आहे. सोबत लिंबू पिळलेली मटकीची उसळ असते, कारण लिंबामुळे उसळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

घरातील बाकीचे चपाती खातात. म्हणून त्याच्यासाठी तवा, परात, चाळणी आणि पोळपाट-लाटणे वेगळे आहे, आधी त्याची भाकरी होते आणि मगच कणकेच्या डब्याचे झाकण निघते. तळणीचे तेलही वेगळे ठेवावे लागते.

सर्वांत कठीण वाटली ती गावची जत्रा. महाप्रसादाला खपली गव्हाची खीर असते, आणि "एवढ्यानं काय हुतंय, देवाचं हाय," असे म्हणून सासूबाई त्याच्या हातावर चमचाभर खीर ठेवीत. पोट दुखले नाही तरी आतडे आतून झिजते, हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते. पटले मात्र तेव्हा, जेव्हा डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून आतड्याच्या तपासणीचा कागद समजावून दिला. गेल्या जत्रेला त्या पहाटे उठल्या, गव्हाला हात लावण्याआधी चूल सारवून त्यांनी घनसाळ तांदळाची गुळातली खीर एका नव्या पातेल्यात शिजवली, नैवेद्य दाखवला आणि ते पातेले झाकून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवले.