दिलेलं पुस्तक सांभाळायचं कोणी?

(एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या शारदोत्सवात, दसऱ्याच्या संध्याकाळी ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

सभासद बंधुभगिनींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या बाळगोपाळांनो,

आत्ता तुमच्यासमोर पाटीपूजन झालं. एकाचे आकडे ओळीने मांडत सरस्वती कशी काढायची, हे पहिलीतल्या एका मुलीला तिच्या आजीनं दाखवलं. मुलीचा मधला एक आकडा कलला, तेव्हा आजीनं तो पुसला नाही, पुढचे आकडे त्याच्या कलानं घ्यायला लावले. मी शेजारीच उभी होते. ती पाटी आपण आठवडाभर दर्शनी टेबलावर ठेवणार आहोत.

पूजेत मांडलेली पुस्तकं विसर्जन होईपर्यंत उघडायची नाहीत, वाचायची नाहीत, शिकवायचं नाही, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. मूळ नक्षत्रावर आवाहन, श्रवणावर विसर्जन. लहानपणी मला ते तीन-चार दिवस सुट्टीसारखे वाटायचे. वाचनालयात काम करायला लागल्यावर मला त्या रितीत वेगळंच काही दिसायला लागलं. वर्षातून एकदा पुस्तक हातात घ्यायचं, पुसायचं, पाटावर मांडायचं, त्याच्याकडे नीट बघायचं, वाचणं नंतर. आज मला बोलायचं आहे ते या बघण्याबद्दल, आणि तुम्ही या दिवसांत मोठ्या मनानं जे देता त्याबद्दल.

आपलं वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे शासनाच्या वर्गवारीत सगळ्यात लहान. राज्यात अशी लहानमोठी अनुदानित ग्रंथालयं सुमारे अकरा हजार आहेत. ती १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली चालतात. त्याआधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशातला पहिला. मद्रासनं १९४८ मध्ये कायदा केला तेव्हा घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी उपकर घ्यायची सोय केली. आपल्या कायद्यात तसा कर नाही. त्यामुळे आपल्याला मिळतं ते शासनाचं अनुदान, दोन हप्त्यांत, आणि त्याला जोड म्हणून संस्थेनं आपला वाटा उभा करायचा. तो वाटा म्हणजे तुमची वर्गणी आणि तुमच्या देणग्या. इथे कर भरून कोणी मोकळं होत नाही, दर वर्षी नव्यानं द्यावं लागतं. मला हे ओझं वाटत नाही. वाचनालय गावाचं आहे असं आपण म्हणतो, त्याला आधार या वर्गणीचाच आहे.

त्या अनुदानाचं नाव काय आहे? परिरक्षण अनुदान. शब्द जड आहे, पण फार नेमका आहे. खरेदी अनुदान म्हटलेलं नाही, परिरक्षण म्हटलंय. सांभाळण्यासाठी.

आता मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी, याच दिवसांत, दिवाळीची साफसफाई चालली असताना एका घरून निरोप आला. जुनी माडी उतरवायची होती, वडिलांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची होती. सात पोती आली. आम्ही आभाराचं पत्र दिलं, फोटो काढला. दाखल करायला वेळ नव्हता, म्हणून पोती जिन्याखाली ठेवली, थेट फरशीवर. महिना गेला, मग दुसरा गेला. एके दिवशी एक पोतं उचललं तर तळ हातात आलाच नाही. वाळवीनं पोत्यांच्या आडून भिंत धरली होती आणि तिथून शेजारच्या लाकडी कपाटाचे दोन कप्पे पोखरले होते. त्या कप्प्यांत एका जुन्या मासिकाचे बांधीव खंड होते. वरून पुठ्ठे शाबूत, आत मातीची नळी. पोत्यातली पुस्तकं गेली आणि आधीची, सांभाळलेलीही गेली. ज्यांनी दिली त्यांची यात काहीच चूक नव्हती. त्यांनी वडिलांची आठवण आमच्या स्वाधीन केली होती. ती घेताना 'हो' म्हणण्याआधी मी जागा बघायला हवी होती, माणूस बघायला हवा होता.

तेव्हापासून कोणी पुस्तकं देऊ केली की मी आधी यादी मागते. काहींना ते लागतं, मला माहीत आहे. 'ताई, फुकट देतोय तरी यादी?' असं विचारतात. म्हणून एका दिलेल्या पुस्तकाचं इथे पुढे काय काय होतं, ते एकदा ऐका.

आधी ते आठ-पंधरा दिवस वेगळं ठेवावं लागतं, कसर किंवा वाळवी नाही ना हे बघायला. मग दाखल नोंदवहीत नोंद: क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, कोणाकडून आलं. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि आपल्या ठरलेल्या गुप्त पानावर. ते पान कुठलं, हे आज सांगणार नाही, मुलांनी शोधावं. मग वर्गीकरण, कण्यावर लेबल, मागे तारखेची चिठ्ठी. बांधणी ढिली असेल तर बाइंडरकडे. आपले बाइंडरकाका अजून मैद्याची खळ स्वतः शिजवतात, तीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड धरत नाही. आणि एकदा नोंद झाली की ते पुस्तक संस्थेची मालमत्ता झालं. उद्या ते फाटलं, जुनं झालं, तरी मनाला आलं म्हणून काढता येत नाही. बाद करायचं तर त्याचीही रीतसर प्रक्रिया आहे. म्हणजे तुम्ही पुस्तक देता तेव्हा एक जन्मभराचं काम देता. ते काम आम्ही आनंदानं करू, पण त्या कामालाही कोणीतरी हात लावायला हवा.

आणि लावतातही. गेल्या वर्षी एका ताईंनी यजमानांच्या स्मरणार्थ काय द्यायचं म्हणून विचारलं. त्यांच्या मनात कपाट होतं, नाव कोरलेलं. मी म्हटलं, 'त्यांना कुठलं मासिक आवडायचं?' त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, 'त्याची वर्षाची वर्गणी तुम्ही भरा, आणि वर्षअखेर बारा अंकांची बांधणी.' आज तो खंड तिसऱ्या कपाटात आहे. ताई दर महिन्याला नवा अंक आला की पहिल्यांदा येतात, पानं चाळतात आणि परत ठेवून जातात. आपले एक शिंपीकाका बांधणीसाठी कापडाचे तुकडे देतात. एक निवृत्त वायरमन पावसाळ्याआधी आणि नंतर सगळी जोडणी तपासतात, एक पैसा घेत नाहीत. याची पावती मी कशी फाडू? पावतीवर तो रकानाच नाही.

रोख देणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वरची रक्कम रोख देऊ नका, चेकनं किंवा ऑनलाइन द्या. परदेशात असलेल्या आपल्या मुलाबाळांना वाचनालयाला देणगी द्यायची असेल तर आधी कार्यवाहांना विचारा. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी कायद्यानं परदेशी ठरते आणि ती घ्यायला वेगळी नोंदणी लागते. मन भरून द्या, पण विचारून द्या.

आता पुढचे कार्यक्रम. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून होतो. भाषणं ठेवणार नाही. मुलांनी कपाटांमध्ये फिरायचं आणि असं पुस्तक शोधायचं, ज्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही. म्हणजे आल्यापासून जे कोणीच घरी नेलेलं नाही. त्याचं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. गेल्या वर्षी एका मुलाला पाणकोंबड्यांवरचं पुस्तक सापडलं. पहिल्या पानावर तो थांबलाच नाही, अकरा पानं वाचली. आम्ही सगळे बसून राहिलो. त्या चिठ्ठीवर आता पाच तारखा आहेत.

कोजागरीला मसाला दूध आणि कवितावाचन नेहमीप्रमाणे.

आणि मग दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. शंभराहून जास्त वर्षं मराठी माणूस फराळाबरोबर अंक वाचतोय. आज एकेका अंकाची किंमत घरी चार-पाच अंक घेणाऱ्यालाही विचार करायला लावते, म्हणून आपली दिवाळी अंक योजना. शुल्क एकदाच भरायचं आणि उन्हाळ्यापर्यंत सगळे अंक आळीपाळीनं न्यायचे. यंदा काही घरांनी एकेका अंकाचा खर्च उचललाय. त्यांचा मी आदर करते, पण तो अंक आधी त्यांना मिळणार नाही, नंबर आला की मिळेल. आणखी एक. अंकाच्या पिना इतकी उलथापालथ सोसत नाहीत, संक्रांतीपर्यंत मधली पानं सुटतात. म्हणून अंक आले की आपण त्यांना आधी दोरा घालतो आणि मग खाकी कागदाचं कव्हर. चाळीस अंक, दोन संध्याकाळी, सहा जण. सुई धरता येणाऱ्यांनी नावं द्या.

पण त्या सगळ्याआधी उद्याचं काम. चार महिने भिंतींनी पाणी प्यायलंय. मागच्या ओळीतली पुस्तकं हाताला गार लागतात, वास येतो. ऑक्टोबरचं हे कोरडं ऊन वर्षातून एकदाच मिळतं. मात्र पुस्तक उन्हात ठेवायचं नाही. कागद पिवळा पडतो, कण्याची खळ तडकते. ओट्यावर सावलीत, वाऱ्याला, पुस्तक उभं करायचं आणि पानं पंख्यासारखी सुटी करायची. पुसताना फडकं कण्याकडून बाहेर न्यायचं, उलट नेलं की धूळ बांधणीत शिरते. कपाट रिकामं झालं की आतून कोरड्या फडक्यानं पुसायचं, कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची, आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं.

सकाळी आठ वाजता या. जुनं सुती धोतर किंवा पंचा असेल तर आणा, धुतलेला आणा. मुलांनी बिनओल्या हातांनी यायचं. डाव्या हाताच्या पहिल्या कपाटापासून, बालविभागापासून, सुरुवात करू.