विमानाला क्षितिज दिसत नाही

नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती करतो. तो मधला पंखा थोडा वेळ बंद ठेवाल का? थंडीचे दिवस आहेत, त्रास होणार नाही. टेबलावर जी तीन छोटी विमानं ठेवली आहेत ती थर्मोकोलच्या ताटल्या कापून केलेली आहेत. पंख्याच्या वाऱ्यात त्यांचं काही खरं नाही.

विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे, पंखांचा कोन आणि विमानाचा तोल. पण माझ्या मनात प्रश्न आला तो आपल्याच आकाशाकडे बघून. बडोद्यात हवाई दलाची ॲव्रो ही वाहतुकीची विमानं आपण वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचे पंख अंगाच्या खालच्या बाजूला, आणि टोकाकडे चांगले वर उचललेले. मग २०२३ मध्ये सी-२९५ आलं. २८ ऑक्टोबर २०२४ ला तर त्याच्या कारखान्याचं उद्घाटनच आपल्याकडे झालं. करार ५६ विमानांचा आहे आणि त्यातली ४० इथं जोडली जाणार आहेत. या विमानाचे पंख पाठीवर आहेत आणि पट्टी ठेवल्यासारखे जवळजवळ सपाट. ॲव्रोच्या जागी आलेलं हे विमान, काम तेच, मग एकाचे पंख उचललेले आणि दुसऱ्याचे का नाहीत? याचं उत्तर आज द्यायचं मी कबूल केलंय.

विमानाचा विषय निघाला की, राईट बंधूंच्या आधी विमान उडवल्याचं ज्यांच्याबद्दल सांगतात त्या शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव आपल्यात निघतंच, आणि त्या गोष्टीत आपल्या सयाजीराव महाराजांचंही. मघाशी चहाच्या वेळी दोघांनी विचारलं. त्याला एक वेगळी संध्याकाळ द्या, आज नाही.

आज आधी पतंग. उत्तरायण आठवड्यावर आलंय, त्यामुळे हे ऐकायला तुम्ही नाही म्हणणार नाही.

आमचं घर दांडिया बाजारात. आबा, म्हणजे माझे आजोबा, दरवर्षी मला घेऊन गेंडीगेटला जायचे आणि पतंग एकेक करून निवडायचे. कोडी, म्हणजे वीस पतंगांचा गठ्ठा, तसाच उचलून आणणं त्यांना मान्य नव्हतं. दुकानदार वैतागायचा, पण आबांना ओळखून होता. पतंग हातात घेतला की ते आधी कमान बघायचे. उभी काडी तो ढड्ढा आणि आडवी वाकलेली ती कमान, हे इथं कुणाला सांगायला नको. पतंग डोक्यावर वाऱ्यात आडवा धरायचा आणि दोन्ही कान, म्हणजे बाजूची टोकं, सारखे मागं वाकतात का ते बघायचं. एक कान कडक आणि एक नरम असेल तर पतंग परत. कमान फार जाड असेल तरीही परत. घरी आणल्यावर ते कमान दोन्ही बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू कुरवाळत नरम करायचे. किन्ना, म्हणजे कन्नी, बांधायचं काम तर त्यांनी माझ्या हातात मी दहावीला जाईपर्यंत दिलं नाही.

आणि अगाशीवर, फिरकी माझ्या हातात असताना, ते एकच वाक्य म्हणायचे, ‘खेचला की शहाणा, सोडला की वेडा.’ दोरी ताणली की पतंग जिकडे तोंड असेल तिकडे सुतासारखा सरळ पळतो. ढील दिली की जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की पुन्हा खेच. सगळी पेच लढवण्याची कला एवढ्यावर उभी आहे. शेपटी नसलेला हा कागदाचा तुकडा एका क्षणी शहाणा आणि दुसऱ्या क्षणी वेडा का होतो, हे आबांना हातांनी कळत होतं. मला कळायला इंजिनियरिंगची पदवी आणि वर पुष्कळ वर्षं लागली. ते शेवटी सांगतो.

पदवीवरून आठवलं. हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. परीक्षक बाहेरचे होते. त्यांनी विचारलं, ‘पंख टोकाकडे वर उचलले, म्हणजे डायहेड्रल दिला, तर विमान कललं तरी परत सरळ का होतं?’ पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. एक चित्र असायचं. समोरून पाहिलेलं विमान, डावीकडे कललेलं. डावा पंख खाली येऊन आडवा झालाय, उजवा आणखी उभा झालाय. खाली जमिनीवर दोघांच्या सावल्या काढलेल्या, डाव्याची लांब, उजव्याची आखूड. म्हणून म्हणे डाव्या पंखाला उचल जास्त, उजव्याला कमी, आणि विमान सरळ.

मी ते उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, ‘सर, जमीन कुठं आहे हे हवेला कसं कळतं?’ खरंच मला कळत नव्हतं म्हणून विचारलं. सावली पडायला वर सूर्य लागतो. पंखावरून वाहणाऱ्या हवेला खाली कुठे आणि वर कुठे याचं काय? ते म्हणाले, ‘पुस्तकात आहे ते सांगा.’ मी म्हटलं, दोन्ही पंखांवरून हवा त्याच वेगानं जाते, त्याच कोनात भिडते, मग उचल सारखीच हवी. त्यांनी वही मिटली. पुढचा मुलगा आत आला, त्यानं सावल्यांचं चित्र काढलं आणि मार्क घेऊन गेला.

मार्कांचं दुःख केव्हाच संपलं. मला लागतं ते दुसरंच. मागच्या वर्षी नात शाळेच्या प्रकल्पासाठी एक पुस्तक घेऊन आली, रंगीत, गुळगुळीत कागदाचं. उघडलं तर तेच चित्र, तीच लांब सावली, तीच आखूड सावली. इतक्या वर्षांत छपाई सुधारली आणि चूक तशीच राहिली. मुलं हे वाचतात, पाठ करतात, आणि ज्या मुलाला ते पटत नाही त्याला वाटतं की आपलीच बुद्धी कमी. म्हणून मी हे बोलायला आलोय. इथं समोर सात-आठ शाळकरी मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी आलोय.

चूक कुठे आहे ते नीट बघू. विमान कलणं म्हणजे स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरणं. नाकापासून शेपटापर्यंत एक सळई घातली आहे असं समजा, तिच्याभोवती. प्रत्येक पंखाची उचल त्या पंखाला काटकोनात असते. ती सळईपासून जितकी दूर, तितकी फिरवण्याची ताकद. विमान कललं तरी पंख आणि सळई यांच्यातलं अंतर बदलत नाही आणि उचलही बदलत नाही. डावा जेवढा एकीकडे फिरवतो तेवढाच उजवा दुसरीकडे. वजन म्हणाल तर ते गुरुत्वमध्यातून जातं, तेही फिरवू शकत नाही. म्हणजे नुसतं कलल्यानं सरळ करणारं बळ निर्माणच होत नाही, मग पंख कितीही उचला. विमानाला क्षितिज दिसत नाही. त्याला फक्त वारा कळतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण हरणीच्या विमानतळावरून विमानानं गेले असतील. उडाल्यावर विमान वळण घेतं, खिडकीतून एकीकडे नुसतं आभाळ आणि दुसरीकडे शेतं दिसतात, पंचवीस-तीस अंश कललेलं असतं. समोरच्या ट्रेवरचा चहा बघितलात का कधी? तो पेल्यात सरळ असतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाला कललेलं कळतच नाही. नीट घेतलेल्या वळणात जे चहाला कळत नाही ते विमानालाही कळत नाही.

मग सरळ होतं ते कसं? आता सगळ्यांनी ओंजळ करा. तीर्थाला करतो तशी, पण जरा उघडी. करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, अंगठे बाहेर आणि वर. हे तुमचं उचललेल्या पंखांचं विमान. आता डावीकडे बसलेल्यानं शेजाऱ्याच्या ओंजळीवर बाजूनं फुंकर घालायची. घाला, लाजू नका. फुंकर कुठे लागली? डाव्या हाताच्या पाठीला, आणि उजव्या हाताच्या तळव्याला. बरोबर? डाव्या पंखाला खालून वारा, उजव्याला वरून. डावा वर जाणार, उजवा खाली.

आता बाजूचा वारा येतो कुठून ते बघा. विमान डावीकडे कललं की उचलही डावीकडे झुकते आणि विमान डावीकडे घसरायला लागतं. घसरताना त्याला डावीकडून वारा लागतो, सायकल उतारावर सोडली की तोंडावर लागतो तसा. तो वारा डाव्या पंखाला खालून लागतो, तो उचलला जातो आणि कल कमी होतो. मधला हा घसरण्याचा टप्पा पुस्तकानं गाळला आणि तिथं सावल्या काढल्या.

आकडाच हवा असेल तर घ्या. पंख ५ अंश उचललेले आहेत आणि वारा बाजूनं १० अंशांनी येतोय. हिशेब केला तर एका पंखाचा हवेला भिडण्याचा कोन सुमारे ०.९ अंशानं वाढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो. साध्या उड्डाणात हा कोन चार-पाच अंशांच्या आसपास असतो, त्यात एवढा फरक खूप झाला.

आता ही थर्मोकोलची पाखरं. पहिलं सपाट पंखांचं. सोडतो. बघा, हळूच एका बाजूला कललं आणि तसंच कलत दुसऱ्या रांगेत गेलं. ताई, तेवढं इकडे द्या. दुसरं उचललेल्या पंखांचं. मी मुद्दाम कलतं सोडतोय. घसरलं… आणि सरळ झालं, दाराशी जाऊन टेकलं. घसरलेलं तुम्हाला दिसलं ना? आधी घसरलं, मग सरळ झालं. तिसऱ्याचे पंख खाली झुकवलेत. गेलं, उलटंच झालं. पॅरिसच्या तुइलरी बागेत १८७१ साली आल्फोन्स पेनो यांनी रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान लोकांसमोर ११ सेकंद उडवलं, त्याच्याही पंखांची टोकं वर वळवलेली होती.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं म्हणताय, मी सातात आटोपतो.

राईट बंधूंबद्दल सांगायलाच हवं, कारण सावलीचं चित्र चूक असल्याचा सगळ्यात पक्का पुरावा तिथं आहे. त्यांच्या १९०३ च्या विमानाचे पंख खाली झुकवलेले होते, मुद्दाम. ते वाळूच्या टेकड्यांवर जमिनीलगत उडायचे. पंख उचललेले ठेवले तर बाजूची झुळूक आली की विमान सरळ उडत असतानाही कलायचं, आपली ओंजळ फुंकरीनं कलते तसं. कल नसतानाही नुसत्या वाऱ्यानं ते फिरतं, मग यात सावलीचा संबंध काय? तोल वैमानिकानं स्वतः सांभाळावा असं त्या दोघांनी ठरवलं. सायकलीच्या धंद्यातली माणसं होती, तोल राखत चालवणं त्यांना परकं नव्हतं.

आता ॲव्रो आणि सी-२९५. पंख पाठीवर असले की बाजूचा वारा अंगाला आपटून वर चढतो आणि वाऱ्याकडच्या पंखाला मुळाशी खालून ढकलतो. म्हणजे पंख न उचलताही उचलल्याचा काही परिणाम आपोआप मिळतो. पंख खाली असले की उलटं होतं, वारा अंगाखाली वळतो आणि त्या पंखाची उचल कमी करतो. ही तूट भरून काढायला ॲव्रोचे पंख उचलावे लागले, सी-२९५ ला तेवढी गरज नाही. वजन खाली लोंबतं म्हणून वर पंख असलेलं विमान लंबकासारखं सरळ होतं असंही सांगतात. तेही सोडून द्या, लंबकाला वर खिळा असतो.

मागं झुकवलेले पंखही हेच काम करतात, कारण बाजूच्या वाऱ्यात वाऱ्याकडच्या पंखाला वारा जास्त सरळ भिडतो. म्हणून पंख पाठीवर आणि शिवाय मागं झुकलेले असले, जसे हवाई दलाच्या गजराजचे, म्हणजे आयएल-७६ चे, तर हा परिणाम गरजेपेक्षा जास्त होतो. मग तो कमी करायला पंख खाली झुकवावे लागतात. पुढच्या वेळी गजराज समोरून दिसला तर पंखांकडे बघा, खांदे पाडून उभ्या असलेल्या माणसासारखे दिसतात.

जास्त झालं तर बिघडतं काय? विमान नाक हलवत आणि डुलत, एकदा इकडे एकदा तिकडे, अशा झोकांड्या खातं. त्याला डच रोल म्हणतात, आणि तो आवरायला जेट विमानांत सुकाणूला आपोआप हलवणारं यंत्र बसवतात. आणि कमी पडलं तर? शेपटीचा उभा पंख नाकाला घसरण्याच्या दिशेला वळवत राहतो, बाहेरचा पंख जास्त वेगानं फिरतो, कल वाढत जातो आणि विमान भोवऱ्यासारखं वळत खाली येतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाला हे कळतही नाही, चहा पेल्यात सरळच असतो. कितीतरी माणसं अशी गेली आहेत. म्हणून समोर कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र असतं. आजच्या प्रवासी विमानांत हा उचलण्याचा कोन साधारण पाच-सहा अंशांचा असतो, तो या दोन्हींच्या मधला सौदा आहे.

दोन मिनिटं राहिली. आबांचा पतंग.

पतंगाला दोरी असते, त्यामुळे त्याचा हिशेब विमानापेक्षा थोडा निराळा, पण वाऱ्याचं कारण तेच. दोरी ताणली की वाऱ्याचा दाब वाढतो, नरम कमान मागं वाकते आणि दोन्ही कान मागं जातात. पतंगाची ओंजळ होते. एका बाजूनं वारा जास्त लागला तर तीच बाजू ढकलली जाते आणि पतंग पुन्हा वाऱ्यासमोर येतो, म्हणून सरळ पळतो. ढील दिली की दाब गेला, कमान सरळ झाली, पतंग सपाट झाला. त्याला सावरणारं काही उरत नाही, मग तो गिरक्या घेतो. म्हणजे डायहेड्रल उडता उडता कमी-जास्त करायची सोय त्या एका काडीत आहे, आणि तिची दोरी आपल्या बोटात. कमान कडक असेल तर ती वाकतच नाही, म्हणून आबा तसला पतंग परत करायचे. एक कान नरम असेल तर तो जास्त वाकतो आणि पतंग त्याच बाजूला ओढ घेतो, म्हणून तोही परत.

मुलांनी जाताना इथून एकेक ताटली आणि नमुन्याचा कागद घ्या. कात्री घरची वापरा. नाकाला मातीची एवढीशी गोळी लावायची, हरभऱ्याएवढी, नाहीतर ते पुढं जाणार नाही. आणि पंखा आता लावला तरी चालेल.