कागदाची पट्टी आणि गोळीतलं औषध

श्रोतेहो, नमस्कार.

आजारी माणूस गोळी गिळतो ती विश्वासावर. खरी गोळी आणि नुसत्या खडूच्या पुडीची गोळी हातात घेतली तर दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, दोन्हींच्या वेष्टनावर तेच नाव. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अंदाज दिला होता, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा औषधांमागे एक बनावट किंवा निकृष्ट असतं. मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र ते पकडतं, पण तशी यंत्रं महागडी, थोडी आणि दूर. रुग्णाची गोळी मात्र आजचीच असते.

म्हणून ही तपासणी जागच्या जागी करणाऱ्या एका कागदी कार्डाचं मला फार अप्रूप वाटतं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ मार्या लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केलं. डोळ्यांसमोर आणा: पत्त्यासारखं एक कार्ड, त्यावर मेणाच्या रेघांनी आखलेले बारा उभे पट्टे. प्रत्येक पट्ट्यात वेगवेगळी रसायनं आधीच वाळवून ठेवलेली. गोळी कुस्करायची, तिची पूड सगळ्या पट्ट्यांवर आडवी घासायची आणि कार्डाची खालची कड पाण्यात टेकवायची. बस. दिव्याची वात जशी तेल ओढते तसा कागद पाणी वर ओढतो. पाणी मेण ओलांडत नाही, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याचा प्रयोग आपापला. वाटेत पूड आणि रसायनं भेटतात आणि काही मिनिटांत रंग उमटतात. एखाद्या पट्ट्यात आयोडीन असतं. भेसळीला स्टार्च वापरला असेल तर तिथे निळा-काळा रंग येतो. बारा पट्ट्यांचे रंग मिळून त्या औषधाचा जणू अंगठा उमटतो. खऱ्या औषधाच्या कार्डाशी तो ताडून बघायचा, डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने. पंप नाही, वीज नाही.

पण रंग पाहून ‘आहे की नाही’ हे कळतं, ‘किती आहे’ हे नीट कळत नाही. आणि माझ्या मते खरा घातकी प्रकार अर्ध्या ताकदीच्या गोळीचा आहे. प्रतिजैविकाची अशी गोळी घेतली की कमकुवत जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. पुढच्या रुग्णाला मग चांगली गोळीही लागू पडेनाशी होते.

इथे प्रकाश मदतीला येतो. माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या रेडिओलहरी आणि प्रकाश ही एकाच घराण्यातली भावंडं. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश गोळीवर टाकला, की तिच्यातले रेणू आपापल्या पसंतीचे तरंग शोषून घेतात. परतलेल्या प्रकाशात नेमकं काय आणि किती कमी झालं ते हातात मावणारं यंत्र मोजतं आणि साठवलेल्या नमुन्यांशी जुळवतं. त्यासाठी गोळी फोडावी लागत नाही. दुसरी वाट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाची. लेसरचा प्रकाश रेणूवर आदळून विखुरतो, त्यातल्या अगदी थोड्या प्रकाशकणांचा रंग किंचित बदलतो, साधारण कोटीत एकाचा. तो बदल रेणूची ओळख सांगतो, पारदर्शक वेष्टनाच्या आतूनसुद्धा.

कोटीत एक म्हणजे फारच क्षीण खूण. त्यावर तोड अशी, की कागदावर चांदीचे किंवा सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे. त्या कणांना चिकटलेल्या रेणूची खूण कित्येक पटींनी ठळक होते. म्हणजे पाणी ओढणारा तोच साधा कागद आता प्रकाशाचाही मदतनीस झाला. या जोडीकडून मला सर्वांत जास्त आशा आहे.

अडचणी आहेतच. गोळीवरचा रंगीत थर लेसरखाली स्वतःच चमकतो आणि खूण झाकून टाकतो. थायरॉइडच्या गोळीत औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, बाकी सगळा भराव. तिथे हातातलं यंत्र भराव वाचतं, औषध नाही. आणि नमुनासंग्रहात जे औषध नाही, ते यंत्राने ओळखावं कसं?

म्हणून कार्डाने किंवा यंत्राने शंका दाखवली, तरी तिथल्या तिथे निवाडा करायचा नसतो. तेवढा साठा बाजूला काढायचा, कार्डाचा फोटो जपायचा आणि उरलेल्या गोळ्या मूळ वेष्टनात, उत्पादन क्रमांक दिसेल अशा, प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. सगळ्या गोळ्या चाचणीतच कुस्करून संपवल्या, तर प्रयोगशाळेला तपासायला काही उरत नाही.

नमस्कार.