शंभर गुणांचा कागद

नमस्कार श्रोतेहो. सांगली-मिरजेतली कितीतरी मुलं सकाळी दप्तर भरता भरता मोबाइलवर एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, निकाल बघतात. अमेरिकेत रात्रीचा सामना रंगतो, तेव्हा आपल्याकडे सकाळ उजाडलेली असते. आता निकाल बघायचा म्हणजे काय, तर अमक्याने ३२ केले, तमक्याने २८. गुणांचा रकाना बघितला की संपलं. मला आज बोलायचंय ते त्या रकान्याच्या शेजारी जे छापलेलं असतं त्याबद्दल.

सामन्याच्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूची एक ओळ असते. किती मिनिटं खेळला, बास्केटवर किती वेळा चेंडू टाकला, त्यातले किती आत गेले, फ्री थ्रो किती, रिबाउंड किती, असिस्ट किती, फाउल किती. नेम चुकून परत आलेला चेंडू पकडला की रिबाउंड. धक्का देणं, धरणं असा नियमभंग म्हणजे फाउल, आणि त्याबद्दल समोरच्याला कुणी न अडवता मिळणारा नेम म्हणजे फ्री थ्रो. ज्या पासवर लगेच बास्केट झाली तो पास म्हणजे असिस्ट. एवढं पुरे. ही ओळ आडवी वाचायची असते. पुन्हा सांगते, आडवी वाचायची. आणि एकाची नाही, सगळ्यांची.

आता ज्या सामन्यासाठी मी आज मुद्दाम आले, तो सांगते.

तारीख २ मार्च १९६२. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हर्शी. आपली सांगली जशी हळदीची, तसं ते गाव चॉकलेटचं. एका बाजूला फिलाडेल्फिया वॉरियर्स, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क निक्स. टीव्हीचा कॅमेरा नाही. प्रेक्षक फक्त ४,१२४. वॉरियर्सकडे विल्ट चेंबरलेन, उंची सात फूट एक इंच. पहिल्या डावात, म्हणजे पहिल्या बारा मिनिटांत, त्याने २३ गुण केले. मध्यंतराला ४१. तिसरा डाव संपला तेव्हा ६९. आणि मग सगळं सभागृह ओरडायला लागलं, चेंडू विल्टला द्या, विल्टला द्या!

निक्सच्या खेळाडूंनाही कळलं की आज आपल्यावर शंभर होणार. मग त्यांनी विल्टला सोडून वॉरियर्सच्या बाकीच्यांना धरून धरून फाउल करायला सुरुवात केली. फ्री थ्रो त्यांनी मारावेत, विल्टपर्यंत चेंडू पोचूच नये. तर इकडे वॉरियर्स निक्सना फाउल करायला लागले, का, तर त्यांचे फ्री थ्रो झाले की चेंडू लवकर परत आपल्याकडे यावा. सामना कोण जिंकणार हे कुणी विचारतच नव्हतं. शेवटी ४६ सेकंद उरले असताना जो रक्लिकने पास दिला, विल्टने चेंडू वरून बास्केटमध्ये घातला, आणि शंभर! लोक थेट मैदानात धावत आले. अंतिम गुण वॉरियर्स १६९, निक्स १४७.

हार्वी पोलॅक हे वॉरियर्सचे प्रसिद्धीचं काम बघणारे गृहस्थ. त्या रात्री सामन्याचे आकडेही तेच नोंदवत होते आणि वर्तमानपत्राला, वृत्तसंस्थांना बातमीही तेच कळवत होते. त्यांनी एका कागदावर १०० असं लिहून तो विल्टच्या हातात दिला. तो कागद धरलेल्या विल्टचा फोटो जगभर गेला. या सामन्याचं चित्रीकरण कुठेही नाही, पण रेडिओवर बिल कॅम्बेल यांचं धावतं समालोचन होतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने शेवटच्या डावाचं पुनःप्रसारण रात्री जागून टेपवर उतरवून घेतलं, म्हणून आज तो शंभरावा गुण आपल्याला ऐकता येतो. माझं तर ठाम मत आहे, कानांनी ऐकलेला सामना डोळ्यांनी बघितलेल्यापेक्षा जास्त टिकतो. आपले वडीलधारे हजारे-मांकड यांच्याबद्दल अजून बोलतात, ते रेडिओमुळेच.

तर आता विल्टची ओळ आडवी वाचू. बास्केटवर ६३ वेळा चेंडू टाकला, ३६ वेळा आत. म्हणजे २७ वेळा चुकला. फ्री थ्रो ३२ पैकी २८. आणि हा माणूस फ्री थ्रोमध्ये कच्चा होता बरं का! साऱ्या कारकिर्दीत जेमतेम निम्मे आत गेले. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकायचा. आपली मुलं असं कुणी टाकलं की हसतात. हसू नये. आत जातोय ना चेंडू!

आता खालच्या ओळी. गाय रॉजर्स, असिस्ट २०. विल्टला चेंडू कोण पोचवत होतं ते इथे कळतं. आणि अल अ‍ॅटल्स: आठ वेळा चेंडू टाकला, आठही आत, एक फ्री थ्रो, तोही आत. एकूण १७. ऐकताय ना? त्या रात्री अ‍ॅटल्सचा एकही नेम चुकला नाही, आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

आपल्याकडेही हेच. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांच्याबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी करणारे भांडारकर किती जणांना आठवतात? त्यांच्या नावावर २०५ होत्या. वर्तमानपत्रांनी स्थानिक सामन्यांचेही पूर्ण धावफलक छापावेत असं मला फार वाटतं. चषक हातात घेतलेल्या पाहुण्यांचे फोटो थोडे कमी चालतील.

आणखी एक. विल्टने त्या रात्री किती फटके अडवले? कागदावर नाही. एनबीएने ब्लॉक, म्हणजे अडवलेले फटके, आणि स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू, अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४च्या हंगामापासून. जे लिहिलं नाही ते गेलं.

आपल्या शालेय सामन्यांच्या अधिकृत स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात. चुकलेले फटके, रिबाउंड, असिस्ट यांना तिथे जागाच नाही. म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. टेबलाजवळ आणखी एक मुलगी किंवा मुलगा वही घेऊन बसवा. चेंडू आत गेला की फुली, चुकला की गोल, रिबाउंड आणि असिस्टसाठी वेगवेगळ्या रकान्यांत उभी रेघ, प्रत्येक खेळाडूपुढे. सुरुवात एकाच संघापासून करा, म्हणजे हात मागे पडत नाही. आणि सामना संपल्यावर ती वही सगळ्या संघासमोर मोठ्याने वाचा, बाकावर बसलेल्यांच्या ओळींसकट. नमस्कार.