दर्या आणि दऱ्या

लातूरच्या या गल्लीतल्या खोल्या बहुतेक नीट-जेईईवाल्यांनी भरलेल्या. ही मात्र संगणकशास्त्राची विद्यार्थिनी. टेबलाला जागा नाही, म्हणून लॅपटॉप पलंगावर.

पडद्यावर बघा. एका ओपन सोर्स (ज्याचं कोड कुणालाही बघता-बदलता येतं अशा) एडिटरच्या शोधाच्या चौकटीत तिनं 'शेतकऱ्यांना' टाइप केलं. उत्तर आलं, सापडलं नाही. शब्द तर खालच्याच ओळीत आहे!

घोळ त्या 'ऱ्यां'मध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र वेगळं.

तिनं प्रकल्प फोर्क केला, म्हणजे कोडची स्वतःची प्रत घेतली. बदलासाठी वेगळी ब्रांच, म्हणजे शाखा, काढली, बदल कमिट केला, म्हणजे नोंदवला, आणि पुल रिक्वेस्ट (पीआर) टाकली, म्हणजे हा बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती. या सगळ्याच्या मुळाशी आहे गिट, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनक्सचं कोड सांभाळायला लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिहिलं.

पुल रिक्वेस्टमध्ये बदल रंगांत दिसतो: लाल ओळी काढलेल्या, हिरव्या घातलेल्या. पण इथं तर अख्खी फाइलच लाल-हिरवी झालीय. ती ज्यात कोड लिहीत होती त्या एडिटरनं जाता जाता सगळ्या स्पेस सरळ केल्या होत्या. मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, पहिला शेरा त्यावरच: हे काढा, एका वेळी एकच बदल.

दुसरा शेरा परभणीहून आला. लिहिणाऱ्याला आम्ही भेटलो नाही, ही त्याची अक्षरं तेवढी. तिनं जोडचिन्ह काढून टाकलं होतं आणि 'ऱ'चा सरळ 'र' केला होता. शोध चालू लागला, पण त्यानं विचारलं: मग 'दर्या' शोधला तर 'दऱ्या'ही सापडतील, आणि 'आचार्यांना' शोधलं तर 'आचाऱ्यांना'ही, त्याचं काय?

मराठी न येणाऱ्याला हे सुचलंच नसतं. कोड बिनचूक चालत होतं, चाचण्याही पास होत होत्या. पीआर टाकणाऱ्या पोरांना टी-शर्ट मिळतात, कॉलेजात सत्कार होतात. दुसऱ्याचं कोड ओळ न् ओळ वाचणाऱ्याला कोण विचारतं?

तिनं पुन्हा लिहिलं. आता र, हलन्त आणि जोडचिन्ह एकत्र आले तरच त्यांचा 'ऱ' आणि हलन्त होतो. बाकी कशाला हात लावायचा नाही. सोबत दोन चाचण्या जोडल्या. 'शेतकऱ्यांना' दोन्ही तऱ्हांनी सापडलं पाहिजे, आणि 'दर्या' शोधल्यावर 'दऱ्या' येता कामा नये. कमिटच्या संदेशात काय बदललं एवढंच नाही, का बदललं तेही लिहिलं. मेंटेनरनं तेवढ्यासाठी एकदा परत पाठवलं होतं.

मर्ज झालं, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये गेला. पुढच्या आवृत्तीत येईल.

यादीत त्याखाली आणखी एक पुल रिक्वेस्ट आहे, जोडाक्षरांच्या अकारविल्हे क्रमाची. मर्ज करायचा अधिकार मेंटेनरकडे असतो, पण उघड्या प्रकल्पात शेरा कुणालाही लिहिता येतो. तपासणाऱ्याची जागा अजून रिकामीच आहे. तिनं ती रिक्वेस्ट उघडलीय.