वराहपालन: खाद्याच्या वेळा का पाळायच्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

डुकराला काय घालायचं, हे मला सगळेच विचारतात. मका किती, पेंड किती, कोंडा किती. केव्हा घालायचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज मी वेळेबद्दलच बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका शेडवरून सकाळीच बोलावणं आलं. चाळीसेक डुकरं, सगळी हॉटेलच्या खरकट्यावर पोसलेली. सत्तर किलोच्या आसपासचं एक चांगलं डुक्कर रात्रीत मेलेलं होतं. अंगावर जखम नव्हती, ताप आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. फक्त कातडी पांढरीफटक पडलेली. शेजारच्या दोन डुकरांची विष्ठा पाहिली, तर ती डांबरासारखी काळी. मेलेलं डुक्कर उघडलं तेव्हा जठर रक्तानं भरलेलं होतं. अन्ननलिका जठराला मिळते नेमक्या त्या जागी रुपयाच्या नाण्याएवढी खोल जखम होती. माणसांना होतो तसा अल्सर.

मालकाला विचारलं, खाणं कधी घालता? म्हणाले, "टेम्पो आला की." टेम्पो कधी अकराला यायचा, कधी दुपारी चारला. लग्नसराईत दोन दिवसांचं एकदम यायचं आणि मग एखादा दिवस कोरडा जायचा.

यात पोटात काय होतं, ते नीट समजून घ्या. डुकराचं जठर एकच कप्प्याचं. गाईम्हशीसारखं खाल्लेलं साठवून नंतर रवंथ करायची सोय त्याला नाही. जठराच्या बाकीच्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो, तो आम्लापासून बचाव करतो. अन्ननलिकेच्या तोंडापाशी तो थर नसतो. पोटात घट्ट अन्न असेल तर आम्ल खाली राहतं. पोट फार वेळ रिकामं राहिलं की तेच आम्ल वरपर्यंत पोचतं आणि त्या उघड्या जागेला खात बसतं. दळण पिठासारखं बारीक असेल तरीही हेच होतं, कारण असं खाणं पोटात लगेच पातळ होतं. म्हणून मका भरडा असावा, जाड रव्यासारखा. बोटांत धरून चोळला तर कण लागले पाहिजेत.

आता पिल्लांकडे वळू, कारण वेळेचा खरा फटका त्यांना बसतो. व्यालेली डुकरीण कुशीवर आडवी होऊन घुरघुरायला लागते, तेव्हा पाच मिनिटं शांत उभं राहून बघा. पिल्लं आपापलं सड धरतात आणि नाकाडांनी कास ढोसत राहतात. मग घुरघुर एकदम वाढते आणि दूध सुटतं. ते सुटतं जेमतेम पंधरा-वीस सेकंद, की संपलं. पुन्हा साधारण तासाभरानं. म्हणजे दिवसरात्र मिळून वीसएक वेळा थोडं थोडं दूध, एवढीच त्या आतड्याला सवय.

आणि आपण काय करतो? पिल्लं दुधावरून तोडतो आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्या डुकरांसारखं दोन वेळा खायला घालतो. बावरलेली पिल्लं पहिला दिवस तोंड लावत नाहीत. त्या एका उपाशी दिवसात आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव आखूड होते, आणि अन्न शोषून घेण्याचं काम तीच लव करत असते. दुसऱ्या दिवशी पिल्लं अधाशासारखी खातात. जठरात आम्ल अजून पुरेसं तयार होत नसतं, लव खुरटलेली, मग न पचलेलं खाणं तसंच खाली उतरतं आणि त्यावर जंतू माजतात. पिवळट पाण्यासारखी हगवण लागते ती यातूनच. औषध द्यावं लागतं हे खरं, पण पहिली चूक आपल्या हातून झालेली असते.

दुसऱ्या आठवड्यापासूनच आईजवळ, पण तिचं तोंड पोचणार नाही अशा जागी, चिमूटभर खुराक ठेवायला लागा. दूध तोडल्यावर पहिला आठवडा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. उरलेलं आंबायच्या आत काढून कुंडी धुवा. खुराक बदलायचा असेल तर आठवडाभरात जुन्यात नवं मिसळत न्या.

वाढत्या डुकरांना वजन पन्नास-साठ किलो होईपर्यंत खातील तेवढं द्यायला हरकत नाही. त्यापुढे मोजून द्या, नाहीतर मांसाऐवजी चरबी चढते. दोनदा द्यावं की तीनदा, यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. मोठ्या डुकराला ठरलेलं खाद्य ठरलेल्या वेळी मिळालं की झालं. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, या वेळा उत्तम. डुक्कर मुळात सकाळी आणि दिवस कलताना खाणारा प्राणी आहे. त्याला घाम येऊन अंग थंड होत नाही, आणि पचनाची उष्णता अंगात वाढते. एप्रिल-मेच्या दुपारी बाराला पोटभर घालणं म्हणजे त्याला तापवणंच. मोजून घालत असाल तर कुंडीवर प्रत्येकाला फूटभर जागा हवी, नाहीतर दांडगी दोघांचं खातात आणि दुबळी मागे पडतात.

गाभण मादीला दिवसाला दोन-अडीच किलो खाद्य पुरे. व्याल्यावर मात्र रोज थोडं वाढवत न्या आणि पाणी तोडू नका.

पाण्याचं फार मनावर घ्या. हॉटेलच्या खरकट्यात लोणचं, पापड, खारं असतंच. त्यात पाण्याची टाकी दिवसभर कोरडी राहिली तर मीठ मेंदूला बाधतं. डुक्कर आंधळ्यासारखं फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजू नका, त्यानं जास्त बिघडतं. थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

खरकटं उकळल्याशिवाय घालायचं नाही, ढवळत ढवळत अर्धा तास तरी उकळायचं. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग २०२० मध्ये आपल्या देशात प्रथम आसाम आणि अरुणाचलात दिसला. डुकराच्या मांसाच्या तुकड्यांतूनही तो पसरतो आणि अख्खी शेड रिकामी करतो. डुकराच्या मांसाचं खरकटं उकळूनसुद्धा घेऊ नका.

त्या शेडच्या मालकांनी पुढे एकच बदल केला. मक्याचा भरडा, कोंडा आणि पेंडीची पोती घरात ठेवली आणि सकाळचं खाणं त्यातून सहाला घालायला लागले. टेम्पो कधीही येवो, आलेलं खरकटं उकळून संध्याकाळी सहालाच कुंडीत जायचं. दोन महिन्यांनी मी मुद्दाम साडेपाचला गेलो. पूर्वी गेटपाशी पोचण्याआधीच आरडाओरडा कानावर यायचा. त्या दिवशी डुकरं एकमेकांना टेकून निवांत पडली होती. सहाला बादलीची कडी वाजली तशी उठली, रांगेनं कुंडीला लागली आणि वीस मिनिटांत कुंडी चाटून स्वच्छ. खाली पाहिलं, विष्ठा घट्ट आणि तपकिरी होती.

नमस्कार.