मान दुखते, पण हात काय म्हणतात?

(दृश्य: मार्केट यार्ड, पहाट. पाठीवर पोती घेतलेले हमाल.)

मार्केट यार्डातला हमाल, हिंजवडीत लॅपटॉपवर वाकून बसलेली मुलगी, रोज दुचाकीवरून खड्डे झेलणारे काका. मान तिघांचीही दुखते आणि बहुतेक वेळा तिघांनाही ऑपरेशन लागत नाही. गोळ्या, फिजिओ आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. एमआरआयच्या रिपोर्टवर दोन मणक्यांमधली गादी सरकल्याचं आलं की घरात धास्ती पसरते. पण चाळिशी उलटलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांच्याही गाद्या एमआरआयमध्ये झिजलेल्या दिसतात.

मानेत ७ मणके. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून येणारा नसांचा जाड दोर, खाली उतरतो, बाजूंनी हाताकडे नसा निघतात. नस दबली तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. हे दुखणं झोप उडवतं, तरी काही आठवड्यांत पुष्कळांचं ओसरतं. ओसरलं नाही किंवा हातातली ताकद जाऊ लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

(दृश्य: बटण लावणारी थरथरती बोटं.)

मज्जारज्जू दबणं फार फसवं. मान कधी कधी दुखतही नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत. निऱ्या हातातून सुटतात. चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. तेवढ्यात महिने जातात, आणि हेच आम्हाला कळकळीने सांगायचं आहे: गेलेलं बळ पूर्ण परत येईलच असं नाही, शस्त्रक्रिया मुख्यतः पुढची घसरण थांबवते. अशा वेळी मानेला पट्टा लावून वाट पाहू नका. मान चोळून, मोडून घेणं तर अजिबात नको.

(दृश्य: शस्त्रक्रियागृह.)

गळ्यावरच्या घडीत छोटा छेद घेऊन, श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला सारून सर्जन मणक्यापर्यंत पोचतात. दाबणारी गादी काढतात, तिथे हाडाचा तुकडा किंवा केज (आधार देणारा छोटा पोकळ ठोकळा) बसवतात. बऱ्याचदा वर धातूची पट्टी आणि स्क्रूही लावतात. काही महिन्यांत ते दोन मणके जुळून एक होतात. ही वाट १९५०च्या दशकात अमेरिकेत रुळली. सांधे फार झिजलेले नसतील तर काहींना कृत्रिम गादी बसवता येते, तिथली हालचाल टिकते. अनेक पातळ्यांवर दाब असेल तर बरेचदा मागून जातात: मणक्याची मागची कमान काढतात, किंवा जपानमध्ये विकसित झालेल्या पद्धतीने ती दारासारखी उघडून जागा मोठी करतात.

सगळ्यात वरचे दोन मणके अस्थिर झाले, तर स्क्रूने ते जोडण्याची एक पद्धत आज जगभर वापरली जाते. ती डॉ. अतुल गोयल यांनी आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात असताना रुजवली, १९९४ साली प्रसिद्ध केली. याचा अभिमान वाटतो.

धोके आहेत. समोरून केलेल्या ऑपरेशननंतर काहींचा आवाज बसतो, काहींना गिळताना त्रास होतो. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो. मागून केल्यावर काहींचा खांदा काही काळ उचलत नाही. तंबाखूने हाड जुळायला अडथळा येतो, म्हणून ती आधीच बंद करावी लागते. मिसरीही त्यातच धरा. आई किंवा आजी ती लावत असेल, तर डॉक्टरांना सांगताना तिला संकोच वाटू देऊ नका.